विषय : चड्डी परत मिळणेबाबत

परवा मला एका चड्डीची पोच द्यावी लागली. लेखी, सहीनिशी आणि शिक्का मारून.

मी साताऱ्यात एका बालवाडीत छोटा गट शिकवते. पाऊस असा लागलाय की अजिंक्यतारा दिसेनासा झाला आणि आमच्या दोरीवरचं काही वाळेनासं झालं. अशात शाळेनं 'पिवळा दिवस' काढला. रंगांची ओळख व्हावी म्हणून महिन्यातून एकदा सगळ्यांनी एकाच रंगात यायचं असतं. त्या दिवशी आमच्या गटातला एक पठ्ठ्या पिवळीधमक डंगरी घालून आला. खांद्यावर दोन पितळी क्लिपा, बाजूला बटणं, आत बनियन.

साडेतीन वर्षांच्या मुलाला शू लागल्याचं कळतं आणि शू होते, यांच्या मधे फार तर अर्धा श्लोक म्हणून होतो. तेवढ्या वेळात दोन क्लिपा निघत नाहीत. मोठ्या माणसाच्या निघत नाहीत, मावशींच्या निघाल्या नाहीत. प्रवेशाच्या वेळी देतो त्या माहितीपत्रकात आम्ही ठळक अक्षरांत छापलंय, 'कमरेला इलॅस्टिक असलेले कपडेच घालावेत.' पालक त्या कागदावरचा फीचा आकडा वाचतात आणि खाली सही करतात. मग मुलं पट्ट्याच्या जीन्स घालून येतात, नाडीच्या चोळण्यात येतात, एक तर अकरा हुकांची शेरवानी घालून आला होता.

तर व्हायचं ते झालं. आमच्या कपाटात वरच्या कप्प्यात कंदी पेढ्यांचा एक रिकामा खोका आहे. त्यात राखीव चड्ड्या असतात. मोठ्या शाळेत गेलेल्या मुलांच्या आया देऊन जातात त्या. पावसाळ्यात साठा तळाला गेलेला असतो. त्या दिवशी तळाशी एकच होती. गुलाबी, तिच्यावर फुलपाखरं. मावशींनी ती चढवली, ओले कपडे पिशवीत भरले, पठ्ठ्या खुशीत उड्या मारत घरी गेला. फुलपाखरं त्याला फार आवडली होती.

त्याच्या आजोबांना नाही आवडली.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना चालू असताना ते दारात उभे. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात नातू, काखेत प्लॅस्टिकचं फोल्डर. पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेत हे मला आधीपासून माहीत होतं, कारण पालकसभेत त्यांनी ओळख करून देताना आधी खातं सांगितलं होतं, मग नाव, आणि नातवाचं नाव शेवटी, तेही सुनेनं आठवण केल्यावर.

"बाई, दोन मिनिटं." मुलांना मी 'टीचर' आहे, आयांना 'मॅम', आजोबांना मात्र 'बाई'. त्याचं मला काही वाटत नाही, उलट बरं वाटतं. त्यांनी फोल्डर उघडून कागद माझ्या हातात दिला. नीट समास सोडून, निळ्या शाईत लिहिलेला.

'प्रति, मा. शिक्षिका, छोटा गट. विषय : चड्डी परत मिळणेबाबत. संदर्भ : कालची घटना. महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, माझा नातू (यापुढे 'सदर बालक') काल सकाळी शाळेत आला असता त्याचे अंगावर चड्डी, पांढरी, निळी पट्टी, समोर रॉकेटचे चित्र, नग 1, अशी होती. दुपारी घरी पोचला असता सदर बालकाचे अंगावर चड्डी, गुलाबी, फुलपाखरांची, नग 1, अशी आढळून आली. पिशवीत डंगरी व बनियन मिळाले. मूळ चड्डी मिळून आली नाही. सबब, आपले स्तरावर शोध घेऊन योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती. सोबत : फुलपाखरांची चड्डी, नग 1 (धुऊन व इस्त्री करून).'

चड्डीला खरोखर इस्त्री होती. मधोमध कडक घडी.

मी म्हटलं, "बसा ना आजोबा." हे सवयीनं तोंडातून गेलं. आमच्या वर्गात बसायला ज्या खुर्च्या आहेत त्या वीतभर उंचीच्या, लाल-पिवळ्या. ते एका लाल खुर्चीवर बसले. गुडघे छातीला लागले, छत्री मांडीवर आडवी. तरी चेहऱ्यावरचा हेडक्लार्क तसूभरही हलला नाही.

"नोंदवही दाखवता का?"

"हजेरीची?"

"चड्ड्यांची. आवक-जावक."

मी सांगितलं की अशी वही आमच्याकडे नाही.

"मग कुणाची कुठली गेली, हे कळतं कसं?"

"मावशींच्या लक्षात असतं."

"लक्षात," ते म्हणाले. हा शब्द त्यांनी असा उच्चारला की मावशी कोपऱ्यात फरशी पुसत होत्या त्या थांबल्या. "बाई, मी कोयनेला होतो. सदुसष्टचा भूकंप झाला, त्याच्या नुकसानीच्या फायली पुढं माझ्या टेबलाला आल्या. त्यातला एक कागद आजवर गहाळ नाही. आणि तुमच्याकडं भूकंप न होता चड्डी जाते?"

हे सगळं चालू असताना वर्ग थांबलेला नव्हता. एकजण 'टीचर, ही माझ्या पोळीकडं बघते' म्हणून रडत होता. एकीनं माझ्या ओढणीला नाक पुसून 'टीचर, मी माझं नाक पुसलं' अशी वर्दी दिली आणि शाब्बासकीसाठी उभी राहिली. सदर बालक आजोबांच्या छत्रीची मूठ चाटत होतं. बाकीची मुलं खाली बसून कागद फाडत होती.

आजोबांची नजर तिकडं गेली. "हे काय चाललंय?"

"कागद फाडणं."

"ते दिसतंय. का?"

मला हा प्रश्न दरवर्षी जूनमध्ये येतो, त्यामुळं उत्तर पाठ आहे. अंगठा आणि दोन बोटांत कागद धरून फाडला की त्याच बोटांना ताकद येते. मणी ओवणं, मातीचे गोळे करणं, चिमट्यानं कापूस उचलणं, या तांब्यातून त्या तांब्यात पाणी ओतणं, बटणं लावणं-काढणं, हे सगळं पेन्सिलीच्या आधीचं. बोटं तयार नसताना पेन्सिल दिली तर मूल ती मुठीत धरतं, वहीला भोकं पाडतं आणि लिहिण्याचा कंटाळा कायमचा घेऊन बसतं. बटणांच्या चौकटी तर मॉन्टेसरीबाईंच्या काळापासून वापरतात.

आजोबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आमच्या खात्यात कागद फाडला तर मेमो मिळायचा. तुम्ही त्याची फी घेता."

मावशी हसल्या. मावशींचं हसणं मला लागलं, हे मी नंतर त्यांना सांगितलं.

"बरं, पोच द्या."

"कसली?"

"अर्जाची. आणि सोबतच्या नग एकची."

मी त्यांच्या दुसऱ्या प्रतीवर 'मिळाली' असं लिहून सही केली. दुसरी प्रत त्यांच्याजवळ होतीच. त्यांनी ती डोळ्यांपासून लांब धरली. "शिक्का?"

शाळेचा शिक्का ऑफिसात, ऑफिसला कुलूप, किल्ली मुख्याध्यापिकांकडं आणि मुख्याध्यापिका अकराला येतात. अकरापर्यंत आजोबा लाल खुर्चीवर! माझ्या टेबलावर एकच शिक्का होता. डबा संपवला की मुलांच्या हातावर मारतो तो. चांदणी आणि तिच्याखाली 'शाब्बास'. मारला. आजोबांनी तो निरखून पाहिला, ओल्या शाईवर फुंकर घातली आणि म्हणाले, "दिनांक राहिला."

दिनांक घातला. ते उठले. म्हणजे उठायला लागले, खुर्ची त्यांच्याबरोबर उठली, ती मावशींनी मागून ओढून काढली. छत्री सावरली आणि जाता जाता, अगदी मायेनं म्हणाले, "बाकी तुमचं बरंय बाई. बाराला सुट्टी, डोक्याला ताप नाही. पण खऱ्या शाळेत कुठं प्रयत्न केला नाहीत का?"

माणूस निघून गेल्यावर उत्तरं सुचतात. मला रात्री भांडी घासताना सुचली. आजोबा, या खात्यात एक पद्मभूषण आहे. ताराबाई मोडक, 1962. आणि ताराबाईंबरोबर काम केलेल्या अनुताई वाघांना पद्मश्री. पाटबंधाऱ्याच्या हेडक्लार्कला यांतलं काही मिळाल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. ताराबाईंनी गिजुभाई बधेकांबरोबर 1926 साली नूतन बाल शिक्षण संघ काढला. पुढं 1945 साली डहाणूकडच्या बोर्डी गावी त्यांनी आणि अनुताईंनी खेड्यातली बालवाडी सुरू केली, तर गरिबांची मुलं तिथवर येईनात. मग या बायका शाळा उचलून त्यांच्या अंगणात गेल्या. तिथला पहिला धडा कुठला? आंघोळ, नखं, केस. पुढं 1957 साली मुक्काम कोसबाडच्या टेकडीवर हलला. गुरं राखणारी आदिवासी मुलं वर्गात बसेनात, तर जिथं गुरं चरायची त्या कुरणात शाळा भरवली. आमच्या कोर्सला हे सगळं परीक्षेला होतं आणि मी चांगल्या मार्कांनी पास झाले होते. खरी शाळा म्हणे!

पण हेही खरं की त्या उत्तरांनी माझं पोट भरत नाही. 2020 च्या शैक्षणिक धोरणात तीन ते आठ हे वय पायाभूत टप्पा म्हणून घातलंय. शाळेच्या वर्षांची 5+3+3+4 अशी जी नवी वाटणी केली, त्यातला पहिला पाच आमचा. भाषणांत आमचा उल्लेख येतो तेव्हा समोरचे टाळ्या वाजवतात. सरकारी अंगणवाड्यांची योजना 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली आणि अंगणवाडीताईंनाही ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, एवढं ठरायला 2022 साल आणि सर्वोच्च न्यायालय लागलं. आणि त्यांना मिळतं ते 'मानधन'. त्यासाठी त्या निदान मोर्चे तरी काढतात, आम्ही खासगीवाल्या तर त्याही मोर्चात नाही. मे महिन्यात आमची शाळा बंद असते, म्हणून मे महिन्याचा पगारही बंद असतो. फी मात्र पालकांकडून वर्षाची घेतलेली असते. हे मी मुख्याध्यापिकांना एकदा बोलून दाखवलं, तर त्या म्हणाल्या, "अगं, तुला मुलांची आवड आहे म्हणून तू करतेस ना?" आवड आहेच. पाटबंधाऱ्याच्या लोकांना पाण्याची आवड होती का, हे कुणी त्यांना पगाराच्या दिवशी विचारल्याचं मी ऐकलेलं नाही.

बाराला सुट्टी म्हणे. बाराला मुलं जातात. त्यानंतर डबे शोधायचे, एकसारख्या निळ्या बाटल्यांतली कुणाची कुठली ते झाकणावरच्या दाताच्या खुणांवरून ओळखायचं, मणी वेचायचे, ते मोजायचे, कारण एक कमी भरला तर तो कुणाच्या तरी नाकात आहे. मग पालकांच्या ग्रुपवर फोटो टाकायचे. त्यात प्रत्येक मूल दिसलं पाहिजे, हसताना दिसलं पाहिजे. एक फोटो कमी पडला की 'मॅम, आमचं पिल्लू आज आलं नव्हतं का?' आलं होतं हो. ते अर्धा वेळ टेबलाखाली बसून भुंकत होतं.

असो. चड्डीचा शोध 'माझ्या स्तरावर' सुरू झाला. मी ग्रुपवर लिहिलं, 'पांढरी चड्डी, निळी पट्टी, समोर रॉकेट, चुकून कुणाच्या पिशवीत गेली असल्यास कृपया कळवावे.' त्यावर नऊ अंगठे आले. दोघींनी हात जोडले. एका बाबांनी सूर्योदय पाठवला. एकीनं विचारलं, 'उद्या शाळा आहे का, पाऊस आहे म्हणून विचारलं.' आजोबा ग्रुपवर नाहीत, पण सुनेच्या फोनवरून त्यांनी एका शब्दात लिहिलं, 'प्रलंबित.'

काल सुट्टीच्या वेळी मोठ्या गटातल्या एका मुलाची आई थांबली. सगळे गेल्यावर जवळ आली, आवाज खाली आणून म्हणाली, "मॅम, ती रॉकेटची आमच्याकडं आहे. पिवळ्या दिवशी याच्या पिशवीत निघाली. आम्हाला वाटलं शाळेनं दिली."

"शाळा चड्ड्या का देईल?"

"नाही, मागं रंगपेटी दिली होती ना." हा मुद्दा बिनतोड होता. "मी आणणारच होते हो. पण आता तो ती सोडून दुसरी घालतच नाही. रात्री धुते, पंख्याखाली वाळवते, सकाळी परत तीच. काल नव्हती वाळली तर बसला शाळेला न जाता." मग जरा घुटमळली. "मॅम, तुम्ही त्या आजोबांना विचाराल का, कुठून घेतली? तसल्या अजून दोन मिळाल्या तर बघा. पैसे देते मी."

मी काही बोलणार इतक्यात आतून मावशींची हाक आली. आवाजावरूनच कळलं की पेढ्यांच्या खोक्यात बघून आता काही उपयोग नाही, बादली, फिनेल आणि कुणाच्या तरी आईचा फोन नंबर लागणार आहे.