मंगळ दिसणारच नाही, तर चंद्राएवढा कुठून होणार?

"२८ फेब्रुवारी २०२६ च्या रात्री ३९६ वर्षांनी नवग्रह एका रेषेत येणार. सगळे उघड्या डोळ्यांनी दिसणार, मंगळ चंद्राएवढा होणार. संध्याकाळी सात ते पहाटे चार विषारी किरणं पडतात, गर्भवतींनी बाहेर पडू नये, अन्नपाणी घेऊ नये. नासानं सांगितलंय." हा मेसेज सध्या बेळगाव, खानापूर, निपाणी सगळीकडं फिरतोय, मराठीत आणि कन्नडमध्येही. भावकीचा एक ग्रुप सुटलेला नाही. मी असलं वाचून सोडून देतो. पण काल खानापूरहून मावशीचा फोन आला: "शनिवारी रात्री पोरीला पाणीबी द्यायचं नाय म्हणायलेत, खरं काय रे?"

पोरगी म्हणजे माझी मावसबहीण. आठवा महिना, बाळंतपणाला माहेरी आलेली. त्यामुळं आधी किरणांचंच घेतो, बाकीचं नंतर.

ग्रहांना स्वतःचा उजेड नाही. त्यांच्यावर पडलेलं ऊन परतून आपल्यापर्यंत येतं, तेच आपल्याला दिसतं. ग्रहांत सर्वांत तेजस्वी शुक्र, आणि पौर्णिमेचा चंद्र त्याच्याहूनही हजारो पट तेजस्वी. दुपारी बाजारात दहा मिनिटं भाजी घेताना अंगावर जेवढं ऊन पडतं, त्यापुढं सगळ्या ग्रहांचा मिळून उजेड हिशेबातसुद्धा धरायला नको. मग विष आलं कुठून? माझा संशय असा की ३ मार्चला पौर्णिमेचं चंद्रग्रहण आहे, त्याचे वेध कुणीतरी उचलून इथं चिकटवलेत. त्या ग्रहणाचं तरी काय, आपल्याकडं चंद्र उगवेल तेव्हा ते संपत आलेलं असेल.

खरा धोका आहे तो मेसेजच्या सल्ल्यात. आठव्या महिन्यातल्या बाईनं नऊ तास पाणी प्यायचं नाही, आणि मावशीच्या घरी संडास परसात, म्हणजे बाहेर पडायचं नाही तर लघवी दाबून बसायचं. यानं लघवीचा संसर्ग होऊ शकतो. आणि रात्री अकराला कळा सुरू झाल्या तर? बेळगावला न्यायला पहाटेचे चार वाजेपर्यंत थांबायचं? मावशीला मी एवढंच विचारलं. ती गप्प झाली, मग म्हणाली, "तसलं काय लिवलं नाय त्यात." नाहीच लिहिणार.

आता मंगळ. आमच्या घरी सोलापूरचं दाते पंचांग असतं, बहुतेक मराठी घरांत कुठलं ना कुठलं असतंच. ग्रहांची पानं उघडून बघा. २८ तारखेला रवी कुंभेत, मंगळ कुंभेत, बुध आणि शुक्रही कुंभेतच. सूर्याच्या इतक्या जवळ असलेला ग्रह सूर्याच्या तेजात बुडतो, त्यालाच आपण अस्त म्हणतो. गुरू-शुक्राच्या अस्तात लग्नं होत नाहीत हे कुणाला शिकवायला नको. जानेवारीत शुक्राचा अस्त म्हणून आमच्याच गल्लीत एका घरानं तारीख फेब्रुवारीवर ढकलली. तेच लोक आता सगळे ग्रह दिसणार म्हणून गच्ची झाडतायत! मंगळ त्या दिवशी सूर्याच्या पलीकडं, आपल्यापासून तीस कोटी किलोमीटरहून लांब आहे. चंद्राएवढा राहू दे, ठिपक्याएवढाही दिसणार नाही.

ही चंद्राएवढ्या मंगळाची भानगड २००३ पासूनची. त्या वर्षी २७ ऑगस्टला मंगळ पृथ्वीपासून सुमारे ५.५८ कोटी किलोमीटरवर आला, जवळजवळ साठ हजार वर्षांत इतक्या जवळ आला नव्हता. तेव्हा निघालेल्या एका ईमेलमध्ये लिहिलं होतं की ७५ पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून तो साध्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राएवढा दिसेल. पुढं दुर्बीण गळाली, चंद्र तेवढा राहिला. त्या रात्रीही नुसत्या डोळ्यांना तो चंद्राच्या सत्तराव्या हिश्शाएवढाच होता.

नवग्रहांचं काय बोलायचं? त्यात रवी-चंद्र धरलेत, आणि राहू-केतू तर चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला जिथं छेदते ते दोन बिंदू, तिथं बघायला काही नाही. युरेनस-नेपच्यून मोजले तरी नेपच्यून दुर्बिणीशिवाय दिसत नाही, आणि युरेनस दिसायला अगदी काळोखी रात्र लागते. २८ ला तर चांदणं आहे.

३९६ हा आकडा कुठला कोण जाणे. डिसेंबर २०२० मध्ये गुरू-शनी एकमेकांच्या इतके जवळ आले होते की तसं १६२३ नंतर घडलं नव्हतं, त्याचीच मोडतोड असावी. गेल्या वर्षी फेब्रुवारीअखेर मंगळासकट सात ग्रह संध्याकाळच्या आकाशात होते. म्हणजे ३९६ नव्हे, एक वर्ष.

एक कबूल करतो, नाइलाजानं. बुध, शुक्र, शनी, नेपच्यून, युरेनस आणि गुरू हे सहा त्या संध्याकाळी आकाशात आहेत आणि साधारण एका ओळीतही आहेत. पण ग्रह कायमच त्या ओळीत असतात, सूर्य जातो त्याच पट्ट्यातून तेही जातात. एकत्र आल्यानं प्रलय होतो म्हणावं, तर १९६२ च्या फेब्रुवारीत अष्टग्रही झाली होती. सूर्य, चंद्र, पाचही ग्रह आणि केतू मकरेत होते, देशभर यज्ञ झाले. घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा काय झालं ते. काही नाही.

शनिवारी बघायचंच असेल तर पावणेसातला सूर्य मावळला की पश्चिमेला मोकळं क्षितिज गाठा, येळ्ळूरच्या राजहंसगडावरून छान दिसेल. शुक्र सूर्याजवळ असला तरी तेजस्वी म्हणून दिसेल, पण अगदी खाली, सव्वासातच्या आत बघून घ्या. त्याच्या वर मंद शनी. बुधाच्या नादी लागू नका, तो फिका पडलाय. गुरूसाठी मात्र कुठं जायला नको, नऊच्या सुमारास अंगणात मान वर केली की जवळजवळ डोक्यावर मिथुनेत तोच. शनी चांगला दिसेल ऑक्टोबरात, मंगळ पुढच्या फेब्रुवारीत. शुक्र आणि गुरू ९ जूनच्या सुमारास संध्याकाळी अगदी शेजारी येतात, पण जूनमध्ये खानापूरकरांना आकाश दिसलं तर.