वाट बघण्याचं बिल कुणाच्या नावावर फाडायचं?

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, गेल्या महिन्यात शेवटचं बिल पाठवून मोकळी झाले म्हणून आज लिहिते. दीड वर्ष मी एका मार्केटिंग एजन्सीसाठी घरून फ्रीलान्स कॉपीरायटिंग केलं, म्हणजे जाहिरातींचा मजकूर लिहिला. नाव सांगणार नाही, इनबॉक्समध्ये विचारू नका, आणि ज्यांनी हे काम केलंय त्यातल्या अर्ध्या लोकांना ही आपलीच एजन्सी वाटणार आहे, त्यामुळे नावाची तशी गरजही नाही.

वाईट एजन्सी म्हटलं की लोकांना वाटतं रात्ररात्र जागरण, डोक्यावर ओरडणारा बॉस वगैरे. इथे तसलं काही नव्हतं हो. माणसं गोड होती, वाढदिवसाला आठवणीनं मेसेज करायची. लिहिण्याचं काम पण बेताचंच. दीड वर्ष मी मुख्यतः काय केलं तर वाट बघितली. ब्रीफची (म्हणजे काय लिहायचं, कुणासाठी, याच्या माहितीची), मग फीडबॅकची, मग अॅप्रूव्हलची, मधेच कुठल्यातरी लॉगिनची, आणि शेवटी पैशाची. आणि रेट ठरलेला दर शब्दामागे.

एक सोमवार सांगते म्हणजे कळेल. सकाळी नऊला स्लॅकवर, म्हणजे ऑफिसच्या चॅट अॅपवर मेसेज, आज एक अर्जंट लँडिंग पेज येतंय, फ्री राहा. लँडिंग पेज म्हणजे जाहिरातीवर क्लिक केलं की उघडतं ते पान. मी दुसऱ्या क्लायंटचं काम उद्यावर ढकललं आणि बसले. बारा वाजले, दोन वाजले, मधे एकदा विचारलं तर 'येतंय येतंय'. साडेचारला ट्रेलोवर, म्हणजे कामं वाटायच्या बोर्डवर, कार्ड पडलं. कार्डावर 'लँडिंग पेज नवीन' एवढंच, ड्यू डेट आजची, आत उघडलं तर रिकामं. ब्रीफ कुठाय विचारल्यावर अकाउंट मॅनेजरची, म्हणजे क्लायंट सांभाळणाऱ्या बाईची, चार मिनिटांची व्हॉइस नोट आली, त्यातली पहिली दीड मिनिटं ती गाडी पार्क करत होती, कुणाला तरी 'जरा मागे घ्या ना' म्हणत होती. वस्तू काय आहे, कोण विकत घेणार, पेज वाचून माणसानं फॉर्म भरायचा का फोन करायचा, यातलं एक अक्षर नाही. शेवटी 'तू बघ ना, तुला जमतं, जरा क्रिस्प ठेव आणि प्रीमियम वाटू दे.' प्रीमियम म्हणजे काय हे मला दीड वर्षात कळलं नाही, बहुतेक त्यांनाही नाही.

ते पेज मी रात्री अकराला दिलं. उघडून बघितलं कधी, तर नऊ दिवसांनी.

आणि दिलेलं काम तसंच्या तसं पुढे गेलं असं कधी झालं नाही. गूगलच्या सर्च अॅडला १५ हेडलाइन देता येतात, प्रत्येक ३० अक्षरांच्या आत, वर चार डिस्क्रिप्शन ९० अक्षरांच्या आत. गूगल त्या आपल्या मनानं जुळवून दाखवतं, म्हणून त्या एकमेकींपासून वेगळ्या असाव्या लागतात, नाहीतर तीच गोष्ट दोनदा सांगितल्यासारखी दिसते. मी तशा पंधरा मोजून मापून दिल्या. मग गूगल डॉकमध्ये एजन्सीतले चार जण उतरले. एकाला प्रत्येक हेडलाइनमध्ये ब्रँडचं नाव पाहिजे, आणि ब्रँडचं नावच २२ अक्षरांचं! दुसरा म्हणतो ऑफर दिसली पाहिजे, तिसऱ्यानं त्याच्या कमेंटला रिझॉल्व्ह मारून ती गायबच केली, चौथ्यानं सजेशन मोड वगैरे न लावता सरळ मजकूरच बदलला. कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नाही. दोन दिवसांनी अॅड लावणारा मुलगा ग्रुपवर लिहितो, कॉपीरायटरनं ४१ अक्षरांच्या हेडलाइन दिल्यात, सिस्टीम घेत नाहीये. मी व्हर्जन हिस्टरी उघडली, कुणी किती वाजता काय बदललं त्याचा स्क्रीनशॉट टाकला. त्यावर एक अंगठा आला. बास. आणि त्या पंधराच्या पंधरा परत मीच लिहिल्या, फुकट, कारण 'रिव्हिजन' कितीही असू शकतात असं आमचं ठरलं होतं, म्हणजे खरं तर काहीच ठरलं नव्हतं.

मेटाच्या, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामच्या अॅडचं तर विचारूच नका. तिथे नवीन अॅड सेट, म्हणजे जाहिरातींचा गट, आधी लर्निंगमध्ये असतो (जाहिरात कुणाला दाखवायची ते सिस्टीम शिकत असते), साधारण आठवड्याभरात पन्नासेक रिझल्ट मिळाले की तो स्थिर व्हायला लागतो, आणि मधे ऑडियन्स किंवा क्रिएटिव्हमध्ये (जाहिरातीच्या चित्र-मजकुरात) मोठा बदल केला की पाटी परत कोरी. आमचे मालक रोज संध्याकाळी स्वतः आत जाऊन काहीतरी हलवायचे. बी पेरायचं आणि रोज उकरून बघायचं उगवलंय का. मग दर तिसऱ्या दिवशी मला मेसेज, अॅड चालत नाहीये, कॉपी बदल. मी बदलायचे, की परत पहिल्यापासून सुरू. एकदा हे समजावून सांगितलं तर म्हणाले, 'पॉइंट आहे', आणि त्याच संध्याकाळी बजेट दुप्पट केलं.

खूप विचार केल्यावर मला वाटतं घोडं पेंड खातं ते इथे. ऑफिसात पगारी माणूस रिकामा बसला तर मालकाला ते डोळ्यानं दिसतं, पगार चाललाय हे टोचतं, मग तो विचारतो याला काम का नाही. मी माझ्या घरात दिवसभर त्यांच्या ब्रीफची वाट बघत बसले तर त्यांचा एक पैसा जात नाही. म्हणून ते कुणाला टोचत नाही. प्लॅनिंग न करण्याचा सगळा खर्च माझ्या खात्यावर, त्यांच्या वहीत त्याची नोंदच नाही, मग ते सुधारणार कशाला?

पैशाचंही तेच. ठरलं होतं ३० दिवसांत. पहिल्या वेळी ५२ दिवस झाले तेव्हा कळलं की त्यांचे ३० दिवस क्लायंटनं त्यांना पैसे दिल्यापासून मोजायचे असतात. म्हणजे त्यांचा क्लायंट पैसे थकवतो आणि एजन्सी चालवायला बिनव्याजी उधार देते मी.

माझंही चुकलंच. मेसेज आला की दोन मिनिटांत उत्तर द्यायचे, स्लॅकचा हिरवा ठिपका विझू नये म्हणून लॅपटॉप स्वयंपाकघरात घेऊन जायचे. माझी एक मैत्रीण हेच काम करते, तिचं सरळ लिहिलेलं असतं, दोन रिव्हिजन धरलेल्या, तिसरीपासून पैसे, फीडबॅक एकाच माणसाकडून येणार, आणि डेडलाइन मोजायची ती पूर्ण ब्रीफ हातात पडल्यापासून. मी आठव्या महिन्यात हे सगळं लिहून पाठवलं. उत्तर आलं, 'अगं आपल्यात हे कशाला, आपण फॅमिली आहोत.' मी गप्प बसले. तेव्हाच निघायला पाहिजे होतं.

निघाले ते एका कॉलमुळे. क्लायंटबरोबर कॉल होता, मला कधी घ्यायचे नाहीत, त्या दिवशी चुकून लिंक माझ्याकडे पण आली. क्लायंटच्या बाई अगदी मायेनं म्हणाल्या, 'आता बरं वाटतंय ना तुम्हाला? दोन आठवडे आजारी होतात म्हणे.' मी ठणठणीत होते. माझा ड्राफ्ट ते दोन आठवडे एजन्सीच्या फोल्डरमध्ये 'रिव्ह्यू पेंडिंग' होऊन पडला होता. स्क्रीनवर अकाउंट मॅनेजर एकदम नोट्स घ्यायला लागली. आणि मी काय बोलले असेन? 'हो, आता बरंय.' कॉल संपल्यावर स्वतःचाच इतका राग आला की त्याच दिवशी मेल टाकला, महिनाअखेरपर्यंतच काम करेन.

शेवटचं बिल मात्र मनासारखं केलं. शब्दांचा हिशोब नेहमीसारखा, आणि खाली वेगळ्या ओळी टाकल्या: मीटिंग, १४ तास. दुसऱ्यांनी बदललेलं परत लिहिणे, ९ तास. वाट पाहणे, ११ तास. प्रत्येकापुढे रेट लावून रक्कम. मला वाटलं आता फोन येणार, भांडण होणार, मी उत्तरं पण पाठ करून ठेवली होती.

३८ दिवस झाले. काल अकाउंट्सचा मेल आला, बिलावर पीओ नंबर (त्यांच्या परचेस ऑर्डरचा नंबर) नाही म्हणून पेमेंट अडलंय, बाकी सगळं ओके आहे. पीओ नंबर कुठून घ्यायचा विचारलं तर म्हणे अकाउंट मॅनेजर देईल. तिला मेसेज केलाय. दोन निळ्या टिका आल्यात.