कोड सगळ्यांना दिसतो, चावी सगळ्यांकडे नसते

मामाने परवा लॅपटॉपवरून लिब्रेऑफिस हे वर्ड-एक्सेलसारखं ओपन सोर्स (म्हणजे ज्याचा कोड कोणालाही वाचता येतो असं) सॉफ्टवेअर काढून टाकलं. कारण व्हॉट्सॲपवरचा एक मेसेज: "ओपन सोर्समध्ये जगातला कोणीही, कधीही कोड बदलू शकतो. सगळा कोड एकाच अमेरिकन कंपनीच्या गिटहबवर असतो, तिने बटण दाबलं की खेळ खलास. फावल्या वेळातली पोरं हे बनवतात. पुरावा: २०२४ची एक्सझेड भानगड." (गिटहब म्हणजे कोड ठेवायची वेबसाइट.) खाली अर्थातच 'दहा जणांना पाठवा'.

"कोणीही बदलू शकतो" हे वाचून तर मी कपाळाला हात लावला. सोसायटीच्या हिशेबाची वही सभासदांना बघता येते, म्हणून कोणी येऊन त्यात आकडे खोडतो का? लिब्रेऑफिसचा कोड डाउनलोड करून मामानेही आपल्या घरी हवा तसा बदलावा, कोणाची ना नाही. तो बदल मूळ प्रकल्पात जायला मात्र गेरिटवर, म्हणजे बदल तपासायच्या वेबसाइटवर, पॅच (सुचवलेला बदल) म्हणून पाठवावा लागतो. तिथे विंडोज, मॅक, लिनक्सवर तो घालून प्रोग्राम बनतो का हे आपोआप पाहतात, आणि नवख्याचा पॅच अधिकार असलेल्या माणसाने वाचून मंजूर केला तरच मूळ कोडमध्ये मिसळला जातो. चुका सुटतात, पण दार सताड उघडं नाही.

आता एक्सझेड. ही फाइली दाबून लहान करणारी छोटी लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्राम वापरतात तो तयार कोड; २०२४मध्ये तिच्यात घातक कोड सापडला. हा पुरावा मेसेज लिहिणाऱ्याच्याच अंगाशी येतो. 'जिया टॅन' या नावाने वावरणाऱ्याने दोनेक वर्षं नीट पॅचेस पाठवून विश्वास कमावला, तेव्हा कुठे त्याला रिलीज काढायचे हक्क मिळाले. कोणीही, कधीही कोड बदलू शकत असता तर एवढी वर्षं कशाला घालवली असती? वर घातक कोड त्याला चाचणीच्या बायनरी (माणसाला वाचता न येणाऱ्या) फाइलींत दडवावा लागला, आणि तो चालू करणारा तुकडा गिटमध्ये (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत) न ठेवता डाउनलोडच्या टारबॉलमध्ये (कोडच्या बांधलेल्या गठ्ठ्यात) घुसवावा लागला, कारण गिटवर लोकांची नजर असते. पकडला कोणी? आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनियरने. एसएसएच (दूरच्या संगणकात शिरायची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय म्हणून तो खोदत गेला, आणि २९ मार्च २०२४ला त्याने सगळं जाहीर केलं. डेबियन या लिनक्सच्या स्थिर आवृत्तीपर्यंत ते पोचलंच नव्हतं. फ्रॉइंड नोकरीला कुठे? मायक्रोसॉफ्टमध्ये. आणि गिटहबची मालक असलेली ती 'अमेरिकन कंपनी'ही हीच.

एवढं मात्र कबूल करायला हवं, की एक्सझेड मुळात एकच दमलेला माणूस बिनपगारी सांभाळत होता, आणि अशा छोट्या लायब्ररी बऱ्याच आहेत. पण म्हणून लिब्रेऑफिस 'फावल्या वेळातली पोरं' चालवत नाहीत. त्यामागे बर्लिनची डॉक्युमेंट फाउंडेशन आहे, कोलॅबोरासारख्या कंपन्यांचे पगारी प्रोग्रामर आहेत.

गिटहबचं बटण? लिब्रेऑफिसचं काम चालतं स्वतःच्या गेरिटवर, गिटहबवर नुसती प्रत आहे. शिवाय गिटच्या प्रत्येक पूर्ण क्लोनमध्ये (उतरवून घेतलेल्या प्रतीत) कोडचा सगळा इतिहास असतो. बगच्या नोंदी आणि चर्चा क्लोनमध्ये येत नाहीत, तिथे गिटहबवरच्या प्रकल्पांना खरंच त्रास होईल. पण गिटहबसारखंच असलेलं गुगल कोड २०१६मध्ये बंद झालं, तरी प्रकल्प दुसरीकडे बिऱ्हाड हलवून मोकळे झाले.

आणि लिब्रेऑफिस काढून मामाने काय टाकलं? गल्लीतल्या दुकानदाराकडून क्रॅक केलेलं ऑफिस. त्यासाठी त्याने आधी अँटिव्हायरस बंद करून घेतला. तो क्रॅक कोणी लिहिला, हे ना मामाला माहीत, ना दुकानदाराला.