पाणी तोडून कट्स येत नाहीत

'मुंबई श्री' या शरीरसौष्ठव स्पर्धेचे दिवस आले की लालबाग-परळपासून बोरिवलीपर्यंत व्यायामशाळांच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतो : 'स्टेजच्या तीन दिवस आधी मीठ बंद, आदल्या दिवसापासून पाणी बंद. कातडीखालचं पाणी जातं, कट्स उठतात.' कट्स म्हणजे स्नायूंमधल्या ठळक रेषा. पाणी तोडून त्या उठतात हे चूक आहे, आणि धोक्याचंही.

'कातडीखालचं पाणी जातं.' तेवढंच पाणी वेगळं काढता येत नाही. स्नायूचा जवळपास पाऊण भाग पाणीच असतो. पाणी तोडलं की तेही आटतं. शिवाय भातातली साखर स्नायूत ग्लायकोजन म्हणून साठते ती दर ग्रॅममागे सुमारे ३ ग्रॅम पाणी सोबत घेऊन. कार्ब लोडिंग (स्टेजआधी भातासारखे कार्ब भरपूर खाणं) चालू आणि पाणी बंद असेल तर भरणार काय? पोट फुगतं, छाती-मांड्या फ्लॅट दिसतात.

'मीठ बंद केलं की अंग ड्राय होतं.' मीठ तुटलं की शरीरात अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं, मूत्रपिंडं सोडियम धरून ठेवतात आणि पोटॅशियम बाहेर टाकतात. आतड्यातून ग्लुकोज शोषायलाही सोडियम लागतंच. त्यात पाणी तोडल्याने रक्ताचं प्रमाण कमी झालेलं, मग बॅकस्टेजला रबर बँड कितीही ओढा, पंप (स्नायूंत रक्त भरून येणारा फुगीरपणा) येत नाही, शिरा उठत नाहीत. वजन दुपारी झालेलं असतं, वजनी गट पुकारतात रात्री दहा-अकराला. तोवर दमट हवेत, अंगाला रंग फासून पोरगं तहानलेलं बसतं आणि पोझ धरताना डोळ्यांपुढे अंधारी येते.

'मग कंबरेवर पाणी दिसतं ते?' चिमटीत धरून बघा, ती चरबी आहे. ती १२ ते १६ आठवड्यांत, आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का या गतीने उतरते. ७० किलोच्या मुलासाठी हे ३५० ते ७०० ग्रॅम झाले. तिथे राहिलेली कसर शेवटच्या तीन दिवसांत निघत नाही.

'गटात बसायला पाणी तोडावंच लागतं.' काटा पाव-अर्धा किलो जास्त दाखवत असेल तर आधी दोन-तीन दिवस चोथा कमी करा : पालेभाजी, कोशिंबीर, कडधान्यं बंद, पांढरा भात, चिकन, अंड्याचा पांढरा भाग चालू. आतडी रिकामी झाली की तेवढं वजन बहुधा उतरतं.

पाणी आणि मीठ आधीच्या आठवड्यांत होतं तेवढंच ठेवा. कार्ब लोडिंगच्या दिवशी ७० किलोच्या मुलाने कार्ब ४०० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे साधारण १४०० ग्रॅम शिजलेला भात, दिवसभरात पाच-सहा वेळा विभागून खावा. याची रंगीत तालीम तीन आठवडे आधी करा, फोटो काढा. कुणाला ३०० ग्रॅमच पुरतात. स्टेजआधी अर्धा तास केळं आणि चिमूटभर मीठ, मग दहा-पंधरा मिनिटं हलका पंप. मांड्यांना पंप देऊ नका, त्यांचे कट्स पुसट होतात.

पाणी काढणाऱ्या गोळ्या तर हातातही घेऊ नका. पोटॅशियम घसरलं की हृदयाचे ठोके बिघडतात. १९९२मध्ये हॉलंडमधली स्पर्धा जिंकल्यावर काही तासांतच मोहम्मद बेनाझिझा हा शरीरसौष्ठवपटू मरण पावला. टोकाचं डिहायड्रेशन आणि अशाच गोळ्या हे त्याचं कारण मानलं जातं. बॅकस्टेजला कुणाला धडधड होत असेल, पोटऱ्यांत गोळ्यावर गोळे येत असतील, तर त्याला स्टेजवर चढवू नका. थेट रुग्णालयात न्या आणि त्याने काय काय घेतलंय ते डॉक्टरांना खरं सांगा.