सोबती म्हणजे मी धरून का सोडून?

आखाजीला आमच्या धुळ्याच्या घरी दोन गोष्टी ठरलेल्या: खापरावरची पुरणपोळी आणि पत्ते. बाया झोक्यावर, बाप्ये सतरंजीवर. यंदा भाच्यानं पुण्याहून खेळाचा भलताच डबा आणला. "मामा, यात आपण सगळे एका बाजूला. राक्षस समोर, आणि तो पत्त्यांवरच चालतो."

आबांनी पहिली शंका काढली, "मंग पैसा कोन देस?"

कोणीच देत नाही म्हटल्यावर शेजारचे दोघं गुडघ्यावर हात टेकून उठले, ते गेलेच. उरलो आबा, मी, ताई आणि भाचा.

2008 साली 'डोमिनियन' नावाचा खेळ आला, तेव्हापासूनची ही पत्त्यांची जात. दहा फुटकळ पत्त्यांच्या गठ्ठ्यावर सुरुवात करायची, त्यांच्या जोरावर बाजारातले बरे पत्ते घ्यायचे आणि खेळता खेळताच आपला गठ्ठा वाढवायचा. आमच्या डब्याची खोड अशी, की गठ्ठा संपला तरी पिसायचं नाही. टाकलेले पत्ते आहेत त्याच क्रमानं उलटे करून पुन्हा घ्यायचे. भाच्यानं हा नियम दोनदा वाचला. आबांनी दोन्ही वेळा मान हलवली. गठ्ठा पहिल्यांदा संपला, आणि पन्नास आखाज्यांची सवय असलेली बोटं फर्रर्र करून गेली.

"आबाऽऽ!"

"न पिसता कोनी पत्ता वाटस का?"

पुन्हा पहिल्यापासून मांडलं.

खरी पंचाईत पुढेच होती. आबांचा एकच प्राण उरला आणि हातात नेमका पत्ता आला. इंग्रजी असल्यानं मी मराठी करून वाचला, 'कोणत्याही एका सोबत्याला 4 प्राण मिळतात.' आबांनी लगेच स्वतःचे चार मोजून घेतले.

"आबा, सोबत्याला. स्वतःला नाही."

"मंग मी कोन शे? दुश्मन?"

ताई म्हणाली, दुसऱ्या पत्त्यावर 'कोणताही खेळाडू' असं आहे, इथे 'सोबती'. काहीतरी फरक असणारच. मी म्हणालो, छापणाऱ्यानं शब्द बदलून बदलून वापरले असतील. भाचा म्हणाला, पत्ता आणि पुस्तक भांडले तर पत्ता खरा धरायचा. "म्हंजे सातबारा खरा, तलाठी खोटा," आबा म्हणाले. पण इथे सातबाराच धड लागत नव्हता. पाऊण तास गेला. कूलरमधलं पाणी संपून तो नुसताच घरघरायला लागला. राक्षस बिचारा आपली पाळी येण्याची वाट बघत पडून होता.

तेवढ्यात आई पदराला हात पुसत दारात आली.

"चला, सगळास्नं जेवन व्हई गयं. मी भांडा घासाले लेस."

भाच्यानं वर पाहिलं. "आजी, तू जेवलीस?"

"मी? माले कोठे टाईम भेटना? आते बसस."

भाचा दोन क्षण तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं नियमांचं पुस्तक ओढलं, पार शेवटची पानं चाळली आणि एका बारीक ओळीवर बोट ठेवलं. सोबती म्हणजे पत्ता खेळणारा सोडून बाकीचे.

आबांनी बांधावरची जमीन सोडावी तसे ते चार प्राण माझ्याकडे सरकवले. पुढच्याच पत्त्याला राक्षसानं त्यांना लोळवलं.

"काय रे पोऱ्या," चष्मा काढत आबा म्हणाले, "हाई पुस्तक तुन्ही आजीनी लिखेल शे का?"