उपाशी पोटी ट्रम्पेट वाजत नाही

परवा ताईचा सांगलीहून फोन आला. भाचीची वक्तृत्व स्पर्धा आहे, विषय ‘संगीताचे सामर्थ्य’, भाषण पाठ झालंय, तू एकदा ऐक म्हणाली. पोरगी बोलायला लागली आणि तिसऱ्याच वाक्याला मी ओळखलं, की हा तोच व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज. गेल्या काही महिन्यांत मला तो निदान सात जणांनी पाठवला असेल. दरवेळी उत्तर न देता सोडून दिला. पण आता तो पोरीच्या तोंडी बसलाय, तेव्हा उत्तर द्यायलाच हवं.

मेसेज थोडक्यात असा. ९ ऑगस्ट १९४२. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या वेढ्यात अडकलेलं रशियातलं लेनिनग्राड, म्हणजे आजचं सेंट पीटर्सबर्ग. रशियन संगीतकार शोस्ताकोविच स्वतः उभे राहून जगप्रसिद्ध लेनिनग्राड फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाकडून आपली सातवी सिंफनी, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहिलेली लांबलचक रचना, वाजवून घेतात. वादकांच्या पोटात कित्येक महिने अन्न नाही, ते ‘केवळ संगीतावर जगत’ आहेत. सूर ऐकून जर्मन सैनिक रडतात, तोफा थांबतात आणि त्याच दिवशी वेढा उठतो.

तारीख बरोबर आहे. सिंफनी बरोबर आहे. बाकीचं एकेक घेतो.

शोस्ताकोविच त्या दिवशी लेनिनग्राडमध्ये नव्हते. सिंफनीचे पहिले तीन भाग त्यांनी त्या शहरात लिहिले हे खरं, पण ऑक्टोबर १९४१ च्या सुरुवातीला त्यांना सुरक्षिततेसाठी शहराबाहेर हलवलं गेलं. शेवटचा भाग कुइबिशेवला, म्हणजे आजच्या समाराला, डिसेंबरात पुरा झाला आणि पहिला प्रयोगही तिथेच झाला, ५ मार्च १९४२ ला. लेनिनग्राडला स्वरलिपी पोचली ती विमानाने, वेढ्यावरून उडून.

फिलहार्मोनिकही तिथे नव्हती. तिचे संचालक म्राविन्स्की आणि त्यांचे वादक सायबेरियातल्या नोवोसिबिर्स्कला हलवले होते. शहरात मागे राहिला तो रेडिओचा वाद्यवृंद आणि त्याचे संचालक कार्ल एलियासबर्ग. मेसेजमध्ये या माणसाचं नावसुद्धा नाही. ज्यांनी वाजवलं त्यांचं नाव पुसायचं आणि जे हजारो किलोमीटर लांब होते त्यांना टाळ्या द्यायच्या, याचा मला मनापासून राग येतो.

आता ते ‘संगीतावर जगणं’. मेसेजमधलं सगळ्यात वाईट वाक्य हेच, आणि भाचीने नेमकं हेच हात उंचावून म्हटलं.

मी पंधरा वर्षं लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवलाय. लग्नसराईत सकाळपासून उपाशी उभं राहिलं, की दुपारच्या वरातीला काय होतं ते मला माहीत आहे. बोटं चालतात, पण ओठ धरत नाहीत. फुंक पोटातून येते आणि पोट रिकामं असलं की सूर मध्येच फाटतो. एक वेळचं जेवण चुकलं तर ही गत. लेनिनग्राडमध्ये १९४१ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात कामगार सोडून बाकी बहुतेकांना दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळत होता, आणि त्यातही भुसा मिसळलेला.

त्या हिवाळ्यात वाद्यवृंदाच्या दप्तरात एक नोंद झाली. ती मी भाचीला दोनदा वाचून दाखवली. तिचा आशय असा: तालीम झाली नाही. स्राब्यान वारला. पेत्रोव आजारी. बोरिशेव वारला. वाद्यवृंद बंद.

संगीतावर माणूस जगत असता तर हे दोघे जगले नसते का?

मार्च १९४२ मध्ये रेडिओवर पुन्हा संगीत सुरू करायचं ठरलं. जुन्या वादकांपैकी उभे राहू शकणारे जेमतेम पंधरा-सोळा उरले होते. एलियासबर्ग स्वतः उपासमारीने खचलेले, त्यांना घसरगाडीवरून ओढून आणावं लागायचं. पहिली तालीम तीन तासांची ठरली होती, पंधरा मिनिटांत थांबवावी लागली. ट्रम्पेटच्या एकल तुकड्याची वेळ आली तरी वादक गप्पच बसून. का वाजवत नाहीस, असं एलियासबर्गनी विचारलं, तर म्हणाला, माफ करा, छातीत जोरच नाही. हे वाचलं तेव्हा माझा हात आपसूक ओठांवर गेला.

मग काय झालं? चमत्कार नाही झाला. वादकांना जादा शिधा मंजूर झाला. सातवी सिंफनी सव्वा तासाची आणि तिला शंभरावर वादक लागतात. म्हणून आघाडीवरच्या लष्करी बँडमधून माणसं बोलावली. तालमी रोज झाल्या, आधी थोडा वेळ, मग वाढवत नेल्या. एलियासबर्ग कडक होते. उशिरा येणाऱ्याचा जादा पाव कापायचे. बायकोला पुरून आलेल्या एकाचाही कापला, असं सांगतात. मला हे पटत नाही, पण ते लपवून गोष्ट गोड करणं त्याहून पटत नाही. एवढं करूनही तालमींच्या काळात तिघे दगावले. अख्खी सिंफनी सलग वाजवून बघता आली ती फक्त एकदा, प्रयोगाच्या तीन दिवस आधी.

हे वादक पाव मिळाला म्हणून वाजवू शकले. कलाकाराला पोट नसतं, हे वाक्य आपल्याकडेही बिदागी बुडवताना फार कामाला येतं, म्हणून सांगतो.

आता तोफांचं. तोफा थांबल्या हे अर्धं खरं. पण त्या सुरांनी विरघळल्या नाहीत. सोव्हिएत सेनापती गोवोरोव यांनी आधीच जर्मन तोफांच्या ठिकाणांवर जबरदस्त भडिमार करून त्यांना गप्प बसवलं होतं, सभागृहावर गोळे पडू नयेत म्हणून. मोहिमेचं नाव ‘श्क्वाल’, म्हणजे वादळी झोत.

रडलेल्या सैनिकांबद्दल मात्र एक गोष्ट मान्य करावी लागेल. कार्यक्रम रेडिओवरून गेला, रस्त्यांवरच्या कर्ण्यांवरून गेला आणि जर्मन फळीच्या दिशेनेही लाउडस्पीकर लावले होते. युद्धानंतर काही जर्मन एलियासबर्गना भेटले आणि आम्ही पलीकडून ऐकत होतो म्हणाले. ऐकलं असेल, काळजाला लागलंही असेल. पण वेढा त्या दिवशी उठला नाही. तो फुटला १८ जानेवारी १९४३ ला आणि पुरता उठला २७ जानेवारी १९४४ ला, आणि तो सैन्याने उठवला. म्हणजे टाळ्या वाजवून घरी गेलेल्या त्या श्रोत्यांनी पुढे जवळजवळ दीड वर्ष वेढा काढला.

युद्ध संपल्यावर फिलहार्मोनिक परतली आणि एलियासबर्ग मागे पडले. वाचलेल्या वादकांना घेऊन त्यांनी ती सिंफनी त्याच सभागृहात पुन्हा वाजवली ती २७ जानेवारी १९६४ ला.

भाचीला हे सगळं सांगितलं, तर ती रडवेली झाली. पाठ केलेलं वाया गेलं ना मामा, म्हणाली. म्हटलं, नाही. विषय तोच ठेव, फक्त पहिलं वाक्य बदल. दप्तरातल्या नोंदीने सुरुवात कर आणि दुसऱ्या वाक्यात एलियासबर्ग हे नाव घे. काल रात्री तिने नवं भाषण ऐकवलं. नाव म्हणताना अजून अडखळते. स्पर्धा शनिवारी आहे.