लघवी होते म्हणून डायलिसिस सोडू नका

वऱ्हाडातल्या गावोगावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे: ‘डायलिसिस लावलं की लघवी कायमची बंद होते. ज्याला लघवी होते त्याची किडनी चांगली आहे. मशीन सोडा, भरपूर पाणी प्या.’ हे ऐकून कुणी डायलिसिस चुकवलं तर जीव जाऊ शकतो.

लघवी हळूहळू कमी होते, हे खरं. पण डायलिसिसची वेळच मुळी किडनी जवळजवळ संपल्यावर येते, आणि शुगर-बीपीने सुरू झालेली ती झीज पुढेही चालूच राहते. मशीन नाही लावलं तरी लघवी आटतेच. मशीनचाही थोडा वाटा असतो, तो लपवायचं कारण नाही. एका वेळी फार पाणी ओढलं आणि बीपी घसरला, की उरल्यासुरल्या किडनीला रक्त कमी पडतं. पण फार पाणी ओढावं का लागतं? डायलिसिस चुकवल्याने आणि जास्त पाणी प्यायल्याने. मेसेज जी भीती घालतो, ती त्याचाच सल्ला ऐकून खरी होते.

मेसेजमधलं सर्वांत घातक वाक्य दुसरं: लघवी होते म्हणजे किडनी चांगली. पाणी बाहेर पडणं वेगळं, रक्तातली घाण बाहेर पडणं वेगळं. दिवसाला लिटरभर लघवी होणाऱ्याचंही क्रिएटिनिन (रक्तातल्या घाणीचं माप) आणि पोटॅशियम चढलेलं असू शकतं. पोटॅशियम फार चढलं तर हृदय बंद पडतं, आणि आधी काही जाणवेलच असं नाही.

निकामी किडनी पाणी पिऊन सुरू होत नाही; ते पाणी फुप्फुसात साचतं. साधारण हिशेब असा: दिवसभराची लघवी अधिक अर्धा लिटर, त्यातच चहा, ताक आणि वरण. आपल्याकडच्या मे महिन्यात हे फार कठीण जातं, मला कळतं. तरी नारळपाणी आणि संत्र्याचा रस नकोच, त्यांत पोटॅशियम भरपूर.

‘कायमची’ हेही सरसकट खरं नाही. साप चावून किडनी अचानक बंद पडलेल्या कित्येकांची लघवी डायलिसिस चालू असतानाच काही आठवड्यांत परत येते.

उरलेली लघवी मात्र जपा. कॅनडा-अमेरिकेतल्या एका अभ्यासाच्या २००१ मधल्या फेरमांडणीत, पोटात द्रव सोडून करायच्या डायलिसिसवरच्या रुग्णांत रोजच्या प्रत्येक २५० मिली जास्त लघवीमागे मृत्यूचा धोका ३६ टक्क्यांनी कमी दिसला. म्हणून उरल्या किडनीला इजा करणारं काही नको: अंगदुखीला डायक्लोफेनॅक विचारल्याशिवाय घेऊ नका, भस्मं आणि काढे टाळा. अधूनमधून चोवीस तासांची लघवी डब्यात मोजून आकडा डॉक्टरांना सांगा. लघवी चांगली असेल तर रक्त तपासून काही जणांचं आठवड्यातलं डायलिसिस डॉक्टर स्वतःच तीनवरून दोनदा करतात.